डोळ्याला कान लावला तेव्हा

डोळ्यांच्या डॉक्टरने पेशंटच्या समोर बसायचं असतं, अशी लोकांची समजूत आहे. बहुतेक वेळ आम्ही समोरच बसतो. पण एखाद्याचा डोळा खरोखर बाहेर आला आहे का, हे ठरवायचं असेल तर मी उठून त्याच्या मागे जाते. मान मागे टाका म्हणते आणि विहिरीच्या कठड्यावरून वाकून बघावं तशी त्याच्या कपाळावरून खाली बघते. भुवयांच्या पलीकडे ज्या बाजूची पापणी आधी दिसेल, तो डोळा पुढे आलेला. मोजायची साधनं आहेत, फोटो काढणारी यंत्रं आहेत, पण माझी पहिली खात्री अशीच होते. पेशंट मात्र बावचळतात. एका आजींनी मला शांतपणे विचारलं होतं, "म्याडम, उवा बगताय व्हय?"

सोलापुरात आयुष्यभर हाच धंदा केला. धंदा म्हटलं की आमच्यातल्या काहींना राग येतो, मला येत नाही. लग्नकार्यातसुद्धा मी लोकांच्या पाठीमागे रेंगाळायची. आई अक्कलकोटकडची. ती हळूच चिमटा काढायची आणि कानडीत दटावायची, की लोक जेवायला आलेत, तपासायला नाही. आता दवाखाना बंद केला आहे, पण खोड काही जात नाही.

आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. डोळा ज्या खोबणीत बसतो ती हाडाची असते. वर हाड, खाली हाड, बाजूला हाड, मागे हाड; उघडी ती फक्त पुढून. आत डोळा, त्याला हलवणारे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, आणि उरलेल्या जागेत चरबी. माहेराहून परत निघालेल्या मुलीच्या पिशवीसारखं सगळं गच्च भरलेलं. डोक्याला किंवा चेहऱ्याला मार बसून आत रक्त साठलं, सूज आली, हाडाचा तुकडा सरकला, तर त्याला जायला जागा कुठे? मग डोळाच पुढे ढकलला जातो. डोळ्याचा यात बऱ्याचदा काहीच गुन्हा नसतो. भांडण घरातल्या दुसऱ्यांचं आणि दाराबाहेर उभा हा. आणखी एक लक्षात ठेवायचं: खोबणीचं छप्पर म्हणजे मेंदूची जमीन. वरच्याला लागलं की खालच्याला कळतं.

डोळा बाहेर आल्याची तक्रार घेऊन येणारे सगळेच खरे असतात असंही नाही. नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात काम करणारा एक विक्रेता माझ्याकडे आला, तो रक्ताच्या तपासण्यांची ही भली मोठी पिशवी घेऊन. उजवा डोळा बाहेर येतोय, बायका म्हणतात हा टक लावून बघतो, एक तर मालकाकडे तक्रार करून गेली, असं त्याचं गाऱ्हाणं. मी मागे जाऊन उभी राहिले. उजवा डोळा बिचारा जागच्या जागी होता. आत गेला होता तो डावा. गालाच्या हाडाला कधी मार बसला होता का, म्हणून विचारलं. तर म्हणाला, हो, स्कूटरवरून पडलो होतो, पण ती जुनी गोष्ट, आणि ते डाव्या बाजूला. खोबणीची तळाची फरशी तेव्हा मोडली होती आणि आतला ऐवज हळूहळू खाली सरकून डोळा आत खचला होता. शेजारचं घर खचलं की आपलं उंच दिसतं, त्यातला प्रकार. खातरजमेसाठी अपघाताआधीचा फोटो आण म्हटलं, तर त्याने आधार कार्ड पुढे केलं. त्या फोटोत कोण ओळखू येतं? शेवटी लग्नाचा अल्बम आणला. ऑपरेशनला तो काही तयार झाला नाही. जाड काड्यांचा चष्मा घेतला आणि बायकांकडे न बघता साडीकडे बघायची सवय लावून घेतली. विक्री वाढली म्हणे.

हसण्यासारखं ते तेवढंच. वैरागचे दोन भाऊ आले होते, तेव्हा हसायला सवड नव्हती. गोठ्यात बांधताना बैलाने मान झटकली आणि शिंग धाकट्याच्या भुवईखाली बसलं. डोळा फुगून बाहेर यायला लागला, तशी थोरल्याने टॉवेल घडी करून तो आवळून बांधला. डोळा पुन्हा आत बसावा म्हणून. ही चूक आमच्याकडे सगळे करतात. बाहेर आलेली वस्तू दाबून आत बसवायची, हे कुणालाही सुचतं. पण आत रक्त कोंडलेलं असताना बाहेरून दाबणं म्हणजे नजरेच्या नसेचा दोन्हीकडून गळा आवळणं. मी टॉवेल सोडला तेव्हा डोळ्याभोवतीचं सगळं दगडासारखं लागत होतं. समोर बॅटरी धरली तर बाहुली लहान होईना. डोळा फुटलेला नाही एवढं पाहून घेतलं आणि ठरवलं, की आता फोटोबिटोची वाट बघायची नाही.

अशा वेळी करायचं ते फार साधं असतं आणि बघायला फार वाईट. पापण्या जिथे कानाच्या बाजूला मिळतात, तो कोपरा भूल देऊन कापायचा, म्हणजे डोळ्याला पुढे यायला आणखी जरा वाव मिळतो आणि मागच्या नसेवरचा दाब उतरतो. डोळा आधीच बाहेर आलेला, त्याला आणखी बाहेर येऊ द्यायचं. थोरल्या भावाच्या हे गळी उतरेना. त्याने माझं मनगटच धरलं. दिसतं तेवढं वाचवा, कापता कशाला, असं त्याचं म्हणणं. माझा स्वभाव काही गोड नाही. मी म्हटलं, "तुम्हाला भावाचा कोपरा पाहिजे की डोळा? लवकर सांगा." त्याने हात सोडला. कापल्यावर थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, की बोटं दिसायला लागलीत. कोपरा पुढे शिवता येतो, भरूनही येतो. थोरला नंतर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, की बैलाचा काही दोष नाही, त्याला माशी चावली होती. मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो नरसय्या. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. पूर्व भागातून लाल डोळा घेऊन कुणी आला, की आम्हा सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द येतो: धोटा. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी टोकदार धोटा कधीमधी उडतो आणि तोंडावर बसतो. नरसय्या आला तेव्हा त्याचा डावा डोळा लालबुंद आणि पुढे आलेला. त्याचे सोबती म्हणाले होते धोटा लागला असेल. गल्लीतले म्हणाले होते डोळे आलेत. जिथे गेला तिथे थेंब मिळाले होते आणि थेंबांनी काडीचा फरक पडला नव्हता.

त्याच्याबरोबर त्याची बायको पद्मा होती. विड्या वळायची. त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली होती, हे मी बघितलं. विचारलेल्याची उत्तरं तीच देत होती, कारण नरसय्या फार कमी बोलायचा. आणि बोलला तर हातानेच. कारखान्यात मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं खुणांनी बोलतात आणि घरीदारीही तीच सवय राहते. दुखतंय का विचारलं तर त्याने हात हलवून 'थोडं' म्हणून दाखवलं. पद्माचे वडीलही मागावरचे. तिला या सगळ्या खुणा येत होत्या.

धोटा लागला नव्हता, असं पद्माच म्हणाली. मोटारसायकलवरून पडला होता, बेशुद्ध झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. कवटीच्या तळाच्या हाडाला चीर होती. ते बरं झालं म्हणून घरी सोडलं. डोळा लाल झाला तो घरी आल्यानंतर काही दिवसांनी. त्यामुळे पडण्याचा आणि डोळ्याचा संबंध कुणी लावला नाही. आणि डोळ्याबरोबर आणखी एक झालं होतं. ते सांगताना तिचा आवाज बदलला.

नरसय्याला घरात मागाचा आवाज ऐकू यायचा. कपाळ धरून बसायचा, कान दाबायचा, पोरांवर खेकसायचा. कारखान्यात गेला की बरा. तिथे नेहमीसारखं काम करायचा, उलट जास्तच. सुट्टीच्या दिवशी जिथे कुठे माग चालू असतील तिथे जाऊन बसायचा. लोकांना सांगायला गेला तर लोक हसायचे. पूर्व भागात मागाचा आवाज कुणाला येत नाही? अंगणात येतो, देवघरात येतो. त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं काहींचं मत पडलं. पद्माचं मत वेगळं होतं आणि तिने ते त्याच्यादेखत सांगितलं.

"ह्यांना घर नको झालंय म्याडम. कामावर बरे आणि घरात आलं की आवाज. मी सांगितलंय, हितं मी नको असंल तर माहेरी जाते की."

नरसय्या खाली बघत होता. मला वाटलं, डोळ्याइतकंच दुसरंही काहीतरी इथे जाण्याच्या बेतात आहे. पण मी संसार जोडणारी नाही. मी त्याला विचारलं, आवाज कसा येतो ते दाखवा. त्याने टेबलावर बोट आपटून दाखवलं. धप्प, धप्प, धप्प, आणि मध्ये तोंडाने 'हुश्श' असं काहीतरी. ते करताना त्याचा दुसरा हात माझ्यापुढे होता. सहज म्हणून मी त्याची नाडी धरली. टेबलावर पडणारं बोट आणि माझ्या बोटाखालची नाडी एकाच वेळी उडत होती.

सोलापुरात राहिलेल्या माणसाला मागाचा वेग सांगावा लागत नाही. माग धडाधड चालतो. हा माग फार सावकाश चालला होता. आणि मागाला नाडी नसते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्टेथोस्कोप असतो तो बहुधा कपाटात, धूळ खात. माझ्या सिस्टरने तो शोधून, पुसून दिला. नरसय्याला डोळे मिटायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप त्याच्या डाव्या पापणीवर हलकेच टेकवला. पुस्तकात वाचलं होतं, शिकताना एकदा ऐकलंही होतं. तरी अंगावर काटा आला. हुश्श, हुश्श, हुश्श. त्या पापणीखाली एक माग चालू होता.

मग मी त्याच्या मानेतली डाव्या बाजूची मोठी शीर अगदी थोडा वेळ, जपून दाबली. हे कुणी घरी करून बघू नये, त्यात धोका आहे. माझ्या कानातला आवाज थांबला. नरसय्याने डोळे उघडले. त्याचा हात वर गेला आणि तळहात हवेत आडवा फिरला.

"माग बंद झाला म्हणत्यात," पद्मा म्हणाली. ती खुर्चीवरून उठली होती.

मी हात काढला. त्याचा चेहरा पुन्हा आवळला गेला. आणि त्याने माझा हात धरून परत आपल्या मानेवर ठेवला. "ऱ्हाऊ द्या की म्याडम," एवढंच तो म्हणाला. मला एवढं वाईट क्वचित वाटलं असेल. हात ठेवता येण्यासारखा नव्हता. हे मी त्याला समजावून सांगितलं.

मग मी स्टेथोस्कोप पद्माच्या कानात घातला. असं करायचं काही कारण नव्हतं, निदानाला त्याचा उपयोगही नव्हता. पण मला राहवेना. ती वाकून ऐकत राहिली. एवढ्या दिवसांत नवऱ्याच्या इतकी जवळ ती पहिल्यांदाच आली असावी. बऱ्याच वेळाने तिने नळ्या काढल्या आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "हे रोज हाय?" तो हो म्हणाला. मग ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

काय झालं होतं ते त्यांना सांगायला मी पाण्याची लाईन वापरली. सोलापूरकरांना पाण्याच्या लाईनीचं उदाहरण चटकन कळतं, आमचा तेवढा अभ्यास झालेला आहे. डोळ्याच्या मागे, कवटीच्या आत, एक मोठी धमनी अशुद्ध रक्ताच्या डबक्यातून जाते. हाडाला चीर गेली तेव्हा तिलाही बारीक भोक पडलं. जोराची लाईन शेजारच्या गटारात फुटावी, गटार तुंबून पाणी उलटं फिरावं आणि आपल्या मोरीतून वर यावं, तसं ते रक्त उलटं डोळ्याकडे येत होतं. म्हणून डोळा लाल, म्हणून तो बाहेर, म्हणून नाडीबरोबर आवाज. कारखान्यात मागांच्या दणदणाटात आवाज बुडून जायचा, तेवढाच त्याला आराम. घरातल्या शांततेत तो एकटाच उरायचा. नरसय्याला घर नको झालं नव्हतं. त्याला शांतता नको झाली होती.

थेंबांनी हे बरं होणार नव्हतं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन ते भोक आतून बुजवायचं, हा इलाज. तो तेव्हा आमच्याकडे होण्यासारखा नव्हता. न केला तर नजर जाणार, आणि केला तरी मेंदूच्या इतक्या जवळचं काम, धोका आहेच. मी काही लपवलं नाही. नरसय्याला प्रश्न एकच होता, काम करता येईल का. तुटलेला धागा पकडायला नजर लागते. मी म्हटलं, डोळा आत जाईल, आवाज थांबेल, नजरेचं मात्र आज सांगता येत नाही. दाब बरेच दिवस राहिला आहे. त्याला बहुधा इथेच बसून राहायचं होतं, कारखान्यात, आवाजात.

मी हैदराबादच्या एका दवाखान्याचं नाव काढलं, कारण पद्माचा भाऊ तिथे असतो हे बोलण्यात आलं होतं. म्हणजे माहेरच. नरसय्या हाताने 'राहू दे' म्हणत होता. पद्माने त्याचा हात धरून खाली ठेवला.

"माहेरी जाते म्हणत होते न्हवं," ती म्हणाली. "जाते की. ह्यांना घेऊन."

ते गेले. त्यांच्यामागे मी त्या केसचा विचार करत राहिले, कारण डॉक्टरला बरं झालेल्यांपेक्षा वाटेत असलेल्यांची काळजी जास्त. एकाही थेंब देणाऱ्याला वाटलं नाही, की हा माणूस सांगतोय तो आवाज खरा असेल. माझ्या व्यवसायाबद्दल मला अभिमान आहे, पण आम्ही डोळेवाले फक्त बघतो, ही आमची खोट आहे. आणि आमच्या शहराचीही एक खोट आहे. ज्या गावात आवाज सतत चालू असतो, तिथे कुणी आवाजाची तक्रार केली तर ती तक्रार वाटतच नाही.

काही महिन्यांनी दोघं परत आले. मी सवयीने आधी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मान मागे, कपाळावरून खाली. दोन्ही पापण्या सारख्या. लाली गेली होती. नजर मात्र पूर्ण आली नव्हती. डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या मोठ्या ओळींच्या खाली तो काही उतरेना. मी पुन्हा पुन्हा वाचायला सांगितलं, जणू मी हट्ट धरला तर अक्षरं दिसतील. महिनाभर आधी आला असता तर, हे वाक्य मी तोंडातल्या तोंडात गिळलं. त्याला त्याची फारशी खंत दिसली नाही. उजव्या डोळ्यावर माग चालवतो म्हणाला, धागा तुटला की हातालाही कळतो म्हणाला. हे तो तोंडाने बोलला. तो इतकं बोलू शकतो हे मला नवीन होतं.

हैदराबादला ऑपरेशनच्या टेबलावर तो जागा होता. आवाज एकदम थांबला तेव्हा आपण मेलो असं त्याला वाटलं होतं. हे सांगून तो हसला.

मी चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात पद्माने टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे बोट केलं. आता तो कपाटात नसायचा. मी तो तिच्या हातात दिला. तिने नळ्या नीट कानात घातल्या, नवऱ्याला डोळे मिटायला लावले आणि पापणीवर तो टेकवून ऐकत राहिली. माझ्या खोलीत बाहेरच्या पेशंटांची कुजबूज येत होती, रिक्षांचे हॉर्न येत होते. ती ऐकतच राहिली. मग त्याने डोळे उघडले तेव्हा तिने नळ्या कानातून न काढताच हात वर केला आणि तळहात हवेत आडवा फिरवला.

मी तिला विचारलं, आता घरी कसं आहे.

"कसलं काय म्याडम," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी घरातून हालत न्हाईत. कुटं जावा म्हटलं तरी जाईनात. चुलीपाशी बसून लई लुडबुड करत्यात."